लाल थर्मासचा भाव

निवृत्तीच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी नाना भांड्यांच्या दुकानात शिरले आणि वरच्या फळीकडे बोट दाखवून म्हणाले, "तो लाल थर्मास बांधून द्या."

भांडीवाल्यांच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. वाक्य त्यांना ऐकू आलं होतं, पण ते नानांच्या तोंडून आलं यावर विश्वास बसेना. हा माणूस वर्षानुवर्षं दर महिन्याला न चुकता दुकानात यायचा, काउंटरपासून हातभर लांब उभा राहायचा, त्याच थर्मासकडे बोट दाखवून "आज काय भाव?" असं विचारायचा, उत्तर लिहून घ्यायचा आणि आभार मानून चालू लागायचा. त्याने कधी एक चमचा म्हणून विकत घेतला नव्हता. भांडीवाल्यांच्या धाकट्या भावाची तर अशी समजूत होती की हा बिचारा थर्माससाठी पैसे साठवतोय आणि दर महिन्याला थोडक्यात हुकतोय.

"कुठला थर्मास?" भांडीवाल्यांनी विचारलं. फळीवर एकच होता.

"कुठला म्हणजे? आपला."

"तो होय," भांडीवाले म्हणाले आणि फडक्याने उगाचच एक स्वच्छ पातेलं पुसू लागले. "तो नाही विकायचा, साहेब."

आता इथे थोडं थांबून नानांचं काम काय होतं ते सांगायला हवं. महागाई अमुक टक्क्यांनी वाढली असं वर्तमानपत्रात छापून येतं तेव्हा लोक हळहळतात आणि पान उलटतात. तो आकडा आकाशातून पडतो अशीच सगळ्यांची कल्पना असते. तो पडत नाही. तो पायी गोळा करावा लागतो. नाना भाव-मोजणी कचेरीत तपासनीस होते. पाव, साबण, बूटपॉलिश, दिव्याचा बल्ब, दाढीचं पातं, "केस कापणं, पुरुष, साधं" अशी एक मोठी यादी असते. कचेरीत तिला टोपली म्हणतात. त्या टोपलीतल्या प्रत्येक वस्तूचा भाव दर महिन्याला त्याच दुकानात जाऊन विचारायचा. तीच वस्तू, तेच दुकान. या महिन्यात थर्मास आणि पुढच्या महिन्यात बादली असं करून चालत नाही. नाहीतर महाग काय झालं, जग की आपली हौस, हे कळायचं कसं?

याला जोडून आणखी दोन नियम होते. एक म्हणजे वस्तूला हात लावायचा नाही. दुसरा, यादीतल्या दुकानातून तपासनिसाने स्वतःसाठी काही घ्यायचं नाही, कारण ओळख वाढली की भाव बदलतो. हा दुसरा नियम कचेरीतले बाकीचे लोक वाचून विसरले होते. नाना तो जगत होते. घराजवळची सगळी चांगली दुकानं नेमकी नानांच्या यादीत असल्यामुळे त्यांच्या घरचा साबण बस बदलून आणावा लागे. कोपऱ्यावरचा न्हावी उत्तम कापायचा, पण तो "पुरुष, साधं" मध्ये आलेला. म्हणून नाना बस आगाराच्या मागच्या एका म्हाताऱ्या न्हाव्याकडे जात. त्याचा हात थरथरायचा. नानांच्या डाव्या कानावर तीन ठिकाणी सचोटीच्या खुणा होत्या.

आणि थर्मास. त्याची गोष्ट या सगळ्याच्या आधीची.

नानांची बायको, जिला सगळे माई म्हणत, टेलिफोन कचेरीत रात्रपाळीला होती. ती सकाळी घरी यायची तोवर नाना कामावर गेलेले असत. जाण्याआधी ते तिच्यासाठी चहा करून ठेवत, वर बशी झाकत, बशीवर घडी घातलेला टॉवेल ठेवत. तरी तिला मिळायचा तो चहा कोमटच. लग्नाच्या पहिल्याच वर्षी नानांनी ठरवलं की पगार झाला की थर्मास घ्यायचा. दोघांनी मिळून दुकानाच्या काचेतून तो पाहूनही ठेवला. लाल, एक लिटरचा, पोटावर पांढऱ्या वेलीची नक्षी. पगार झाला, आणि त्याच आठवड्यात कचेरीने नवी टोपली जाहीर केली. "घरगुती वस्तू" या गटात लिहिलं होतं: थर्मास, लाल, एक लिटर, नक्षीचा. दुकानाचं नाव त्याच दुकानाचं.

नानांनी जड अंतःकरणाने माईला ही बातमी सांगितली.

"म्हणजे तो आता सरकारजमा झाला म्हणायचा," माई म्हणाली.

"मी निवृत्त झालो की पहिल्या दिवशी आणीन," नाना म्हणाले. "शब्द देतो."

शब्द देताना नाना तिशीच्या आतले होते. तरुणपणी माणूस असे लांब मुदतीचे शब्द सहज देतो. फरक एवढाच की नानांनी तो लक्षात ठेवला. दर महिन्याला जेवताना ते माईला थर्मासची खबर द्यायचे, जशी कुणी शिकायला बाहेरगावी राहिलेल्या मुलाची देतं.

"आज पुन्हा चढला."

"मग राहू दे."

"अगं, पण पगारही चढलाय ना. नुसता भाव बघायचा नसतो. आपल्या लग्नाच्या साली एका थर्मासच्या पैशात दोन शर्ट यायचे. आज बघ, साडेचार येतात. म्हणजे शर्टाच्या मानाने थर्मास किती पुढे गेला!"

"मग शर्टच घ्या की दोन. कॉलर विरलीये तुमची."

पण नाना विचारात बुडालेले असत. थर्मास सगळ्यांच्या पुढे का जातोय, हा त्यांना पडलेला मोठा प्रश्न होता. साबण एखाद्या महिन्यात थांबायचा, बल्ब कधी खालीही यायचा, बूटपॉलिश तर वर्षभर झोपून राहायचं. थर्मास मात्र थकतच नसे. शेवटी नानांनी काचसामानाच्या जागतिक टंचाईवर एक टिपण लिहिलं. त्यात वाळू, भट्ट्या आणि समुद्रमार्गे होणारी वाहतूक यांचा सखोल विचार होता. मुख्य साहेबांनी त्यावर "अभ्यासपूर्ण" असा शेरा मारला. तो शेरा नाना पुढची कित्येक वर्षं मनातल्या मनात काढून पाहत.

तर, भांडीवाले म्हणत होते, थर्मास विकायचा नाही.

"विकायचा नाही?" नानांचा आवाज चढला. "जी वस्तू विकायची नाही तिचा भाव मला कसा काय सांगत होता तुम्ही?"

"तुम्ही विचारत होता म्हणून."

"अहो पण..."

"साहेब, पुढच्या वेळी तुमच्या जागी नवीन बाई येणार. त्यांना मी काय दाखवू? मागे रंगकामाच्या वेळी मी तो थर्मास जरा खालच्या फळीवर ठेवला होता, तर तुम्ही मला केवढं फैलावर घेतलं होतं, आठवतंय? 'ही देशाची वस्तू आहे' म्हणाला होता. आता देशाची वस्तू मी तुम्हाला कशी विकू?"

नानांना ते वाक्य आठवलं. चांगलं वाक्य होतं. असं आपलंच चांगलं वाक्य परत येऊन पायात अडकण्यासारखा त्रास नाही.

"बरं, भाव तरी बोला. आज काय भाव?"

भांडीवाल्यांनी भाव सांगितला. सवयीने, मागच्यापेक्षा थोडा जास्त.

"पुन्हा वाढला? काल तर मी शेवटचा लिहून नेला! एका रात्रीत असं काय झालं? वाळू महागली?"

"कसली वाळू?"

"मग का वाढवलात?"

भांडीवाले संकोचले. फडकं घडी करून काउंटरवर ठेवलं. "आता तुम्ही निवृत्त झालात म्हणून सांगतो. सुरुवातीला मी दोनचार महिने 'मागचाच' असं सांगितलं होतं. तेव्हा तुमचं तोंड असं काही उतरायचं की बघवत नसे. एवढ्या उन्हातून चालत यायचं, पेन उघडायचं, आणि लिहायला काही नाही. मला वाटलं, आपलं काय जातं? कुणी घेत तर नाहीच. म्हणून मी दर वेळी थोडा वाढवून सांगायला लागलो. तुम्ही खूश व्हायचा. भराभर लिहायचा."

नाना शेजारच्या उपड्या बादलीवर बसले.

बादलीवर बसून माणसाने देशाच्या आर्थिक इतिहासाचा विचार करू नये. त्यासाठी पाठ असलेली खुर्ची लागते. पण नानांपुढे इलाज नव्हता. आयुष्यभर आपण महागाई मोजतोय असं ज्या माणसाला वाटत होतं, त्याला आज कळलं की निदान थर्मासपुरती ती एका भल्या माणसाची भीड होती. वाळू नव्हती, भट्ट्या नव्हत्या, जहाजं तर अजिबात नव्हती. "अभ्यासपूर्ण" हा शब्द त्यांच्या मनातल्या भिंतीवरून सुटून खाली पडला.

"हे कचेरीत सांगायला हवं," नाना पुटपुटले.

"सांगा बापडे. पण परवानगीची चिठ्ठी घेऊन या, मग थर्मासचं बघू."

कचेरीच्या दारावरच्या पहारेकऱ्याने, ज्याने कालच नानांच्या निरोपाला डोळे पुसले होते, आज त्यांना अडवून विचारलं, "कुणाला भेटायचंय?" नानांनी सांगितलं की मी आहे. पहारेकरी म्हणाला, "ते दिसतंय, नाना. पण काल तुम्ही आतले होता. आज पास लागेल." पास देणारी खिडकी जेवणानंतर उघडणार होती. नाना पायरीवर बसून राहिले. आतून जुने सहकारी येताजाता विचारत होते, "काय नाना, करमत नाही वाटतं?" एकाने तर हलक्या आवाजात बायकोशी पटतंय ना, अशी चौकशी केली.

मुख्य साहेबांनी नानांचं सगळं ऐकून घेतलं. ऐकता ऐकता उठून त्यांनी केबिनचं दार लावलं.

"नाना, तुम्ही म्हणताय की मागच्या इतक्या वर्षांतला थर्मासचा भाव खोटा आहे."

"खोटा नाही. भिडेचा आहे."

"म्हणजे त्या वर्षांची महागाई आपण छापली त्याहून किंचित कमी होती."

"किंचित. केसाएवढी."

"त्या केसाच्या हिशेबाने लोकांना महागाई भत्ता गेलाय. महागाई कमी होती असं ठरलं तर भत्ता जास्त गेला असं ठरेल. जास्त गेलेला परत घ्यावा लागेल. शिक्षकांकडून, परिचारिकांकडून, पोलिसांकडून." साहेबांनी चष्मा काढला. "सुरुवात कुणापासून करू? तुमच्यापासून?"

नानांनी नकळत खिसा चाचपला.

"इतिहास छापून, बांधून, कपाटात ठेवलाय. त्याला आता हात लावायचा नाही. तो नियम तुमचाच ना?"

"तो वस्तूंबद्दल होता."

"इतिहास आता वस्तूच आहे."

राहता राहिला प्रश्न परवानगीचा. त्यासाठी साहेबांनी नव्या तपासनीस बाईंना बोलावलं. त्या चुणचुणीत मुलीने नानांना पाहताच हात जोडले. नियमांचं सातवं कलम तिला तोंडपाठ होतं. टोपलीतली वस्तू फळीवरून काढायची असेल तर तिच्या जागी तीच वस्तू ठेवली पाहिजे: तोच रंग, तेच माप, तीच नक्षी.

"सातवं कलम तुम्हीच लिहिलंय ना, नाना?" तिने कौतुकाने विचारलं. "आम्हाला प्रशिक्षणात शिकवतात. फारच पक्कं आहे. कुठूनच वाट नाही ठेवलीत तुम्ही."

म्हणजे काय करायचं ते स्पष्ट होतं. अगदी तसाच दुसरा लाल थर्मास शोधायचा, तो फळीवर ठेवायचा आणि पहिला घरी आणायचा. ज्याला दुसरा मिळाला तो दुसराच घरी का नेणार नाही, हा प्रश्न माईने विचारला. नाना म्हणाले की शब्द त्या थर्मासचा दिला होता.

"अहो, मला थर्मास नकोय आता," माई म्हणाली. "रात्रपाळी संपून किती वर्षं झाली. मी सकाळी घरीच असते. चहा पातेल्यातून कपात येतो."

"शब्द शब्द असतो."

बाहेरगावी नोकरीला असलेल्या लेकीला फोनवर कळलं तेव्हा तिने आठवड्याच्या आत एक स्टीलचा थर्मास पाठवून दिला. न फुटणारा, दिवसभर गरम ठेवणारा. नानांनी तो खोक्यातून अर्धा बाहेर काढून पाहिला आणि परत आत ढकलला. "चांगला आहे," ते म्हणाले. "पण वेगळी वस्तू आहे."

लाल थर्मास बनवणारा कारखाना कधीच बंद पडला होता. तेव्हा शेजाऱ्यांनी सल्ले द्यायला सुरुवात केली. वरच्या मजल्यावरचे हेडमास्तर म्हणाले, निळा आणून लाल रंग मारा. शेजारच्या दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रंग टिकत नाही, त्यापेक्षा वर्तमानपत्रात जाहिरात द्या. नानांनी जाहिरात दिली: "लाल थर्मास पाहिजे. एक लिटर, वेलीची नक्षी. योग्य भाव देऊ." आणि खाली, आयुष्यभराच्या सवयीने, स्वतःचं नाव, पत्ता आणि "निवृत्त भाव-तपासनीस" असा हुद्दा घातला.

तो हुद्दा भोवला.

रविवारी सकाळी जिन्यात रांग लागली. हिरवे थर्मास आले, पिवळे आले, बूच नसलेले आले, नुसती बुचं आली. एका बाईंनी नखांना लावायच्या रंगाने रंगवलेला आणला. तो अजून ओला होता, त्यामुळे नानांचे दोन्ही हात लाल झाले आणि रांगेतल्या एका आजोबांना वाटलं की आत काही मारामारी चालू आहे. एका गृहस्थांनी आग विझवण्याचं नळकांडं आणलं होतं. नाना म्हणाले, अहो, हा थर्मास नाही. गृहस्थ म्हणाले, लाल आहे, लिटरपेक्षा मोठा आहे, आणखी काय पाहिजे तुम्हाला? आणि दाखवायला म्हणून त्यांनी त्याची कळ दाबली. माईने नंतर दोन दिवस दिवाणखाना पुसला.

पण खरा घोळ रांगेत झाला. उभं राहून राहून लोक एकमेकांशी बोलू लागले. भाव-मोजणी कचेरीतला माणूस निवृत्त होतो आणि दुसऱ्याच दिवसापासून थर्मास गोळा करायला लागतो. का? याला काहीतरी आतलं कळलेलं असणार. "मी तर माझा परत घेऊन चाललो," एक जण म्हणाला. "पुढच्या महिन्यात बघा याचं काय होतं ते."

आठवड्यात गावभर थर्मास मिळेनासे झाले. हेडमास्तरांनी तीन निळे घेऊन पलंगाखाली ठेवले. "गुंतवणूक आहे," त्यांनी नानांना डोळा मारून सांगितलं. "तुम्ही काही बोलू नका. मला सगळं समजलंय." डॉक्टरीणबाईंनी दवाखान्यातला थर्मास कपाटात कुलूप लावून ठेवला. भांडीवाल्यांच्या दुकानात तर गर्दी उसळली. आयुष्यात प्रथमच नानांखेरीज कुणीतरी त्या लाल थर्मासचा भाव घ्यायच्या इराद्याने विचारत होतं. ते घाबरले. एवढ्या गिऱ्हाइकांना नाही म्हणायची त्यांना सवय नव्हती, म्हणून कुणी घेऊच नये अशा बेताने त्यांनी भाव चौपट सांगायला सुरुवात केली.

आणि नेमक्या त्याच आठवड्यात नवी तपासनीस पेन उघडून काउंटरपासून हातभर लांब उभी राहिली. "आज काय भाव?"

महिनाअखेर वर्तमानपत्रात छापून आलं: घरगुती वस्तूंच्या किमतींत अनपेक्षित उसळी, महागाईचा दर वाढला, महागाई भत्त्यात वाढ अपेक्षित.

नानांनी ती बातमी उभ्यानेच वाचली. नंतर खुर्चीत बसून पुन्हा वाचली. आयुष्यभर त्यांनी महागाई मोजली होती. निवृत्त होऊन महिना झाला नाही तोच ते तिचं कारण झाले होते. त्यात हेडमास्तर एका हातात पाव आणि दुसऱ्या हातात फुलांचा गुच्छ घेऊन आले. "नाना, तुमच्यामुळे भत्ता वाढला! आमच्या निवृत्त शिक्षकांच्या मंडळातर्फे मनापासून आभार!"

"कसले आभार?" नाना कळवळून म्हणाले. "भत्ता यायचाय तीन महिन्यांनी. भाव आजच वाढलेत. तुम्ही येताना पाव आणलात, तोसुद्धा महाग मिळाला असेल."

"हो, मिळाला खरा. बेकरीवाला म्हणाला, सगळंच वाढलंय तर पाव मागे कसा राहील?"

"झालं!" नाना म्हणाले. "आता पावही."

ती दुपार नानांच्या आयुष्यातली फार वाईट दुपार होती. थर्मास आता त्यांच्या निवृत्तिवेतनाच्या आवाक्याबाहेर गेला होता. शर्टांत सांगायचं तर एका थर्मासच्या पैशात एका माणसाचा आयुष्यभराचा कपडेपट आला असता. तो तिथे त्यांनीच पोचवला होता. माईला दिलेला एकुलता एक लांब मुदतीचा शब्द त्यांच्या डोळ्यांदेखत महाग होत होत हाताबाहेर गेला होता. ते जेवले नाहीत. माईने दोनदा विचारलं, मग तिसऱ्यांदा न विचारता ताट झाकून ठेवलं.

मार्ग काढला तो नव्या तपासनीस बाईंनी. पुढच्या महिन्यात ती एका संध्याकाळी घरीच आली.

"नाना, तुमच्या सातव्या कलमातून वाट नाही. पण अकराव्यातून आहे. ते तुमच्या आधीच्या साहेबांनी लिहिलंय. जरा सैल आहे. एखाद्या वस्तूचा भाव कारण नसताना असाधारण उडाला तर ती वस्तू टोपलीतून काढून टाकायची. मी प्रस्ताव दिला. मुख्य साहेबांनी इतक्या घाईने सही केली की शाई पुढच्या कागदावर उतरली." ती हसली. "थर्मास आजपासून टोपलीत नाही. फळीवरची साधी वस्तू आहे."

ही बातमी जिन्यातून खाली उतरायच्या आत गावात पसरली. थर्मास सरकारने काढून टाकला! हेडमास्तर तीन निळे घेऊन घरोघर फिरले. कुणी घेईना. शेवटी त्यांनी एक त्यांच्या सुनेला वाढदिवसाची भेट म्हणून दिला, दुसरा डॉक्टरीणबाईंना. त्यांनी तो संशयाने उघडून पाहिला. तिसऱ्यात ते पेनं ठेवू लागले. गावभर थर्मास इतके स्वस्त झाले की एका दुकानात बादलीवर थर्मास फुकट मिळू लागला.

नाना मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी शर्ट इस्त्री करून भांडीवाल्यांकडे गेले. काउंटरपासून हातभर लांब उभे राहिले. मग लक्षात आलं आणि एक पाऊल पुढे झाले.

"आज काय भाव?"

भांडीवाल्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. आणि इतक्या वर्षांनी पुन्हा एकदा ते म्हणाले, "मागचाच."

"कुठला मागचा? चौपटीचा?"

"अगदी मागचा. तुम्ही पहिल्यांदा विचारलात तेव्हाचा."

नानांचा हिशेब आपोआप सुरू झाला. "अहो, त्या पैशात आज बूटपॉलिशची डबीसुद्धा येत नाही! त्या वेळचे पैसे आणि आजचे पैसे एक नव्हेत. तुम्हाला केवढा तोटा होईल, मी काढून दाखवतो..."

"साहेब," भांडीवाले अडवून म्हणाले, "तोटा नाही होणार. एक गोष्ट सांगायची राहिलीय." त्यांनी स्टूलावर चढून थर्मास खाली काढला. नाना तो पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहत होते. "तुम्ही पहिल्यांदा भाव लिहून गेलात ना, त्याच दुपारी मी हा पुसायला खाली घेतला होता. हातातून निसटला. आतल्या काचेचं बुडाचं टोक उडालं. दिसायला धड आहे. चहा राहतो यात. गरम राहत नाही."

नानांनी थर्मास कानाशी नेऊन हलवून पाहिला.

"तेव्हापासून?"

"तेव्हापासून. म्हणून तर कुणाला विकला नाही. लबाडी झाली असती."

"आणि मी दर महिन्याला येत होतो! देशाच्या आकड्यात हा फुटका थर्मास जात होता! मला एका शब्दाने सांगितलं का नाहीत?"

"तुम्ही भाव विचारत होता," भांडीवाले शांतपणे म्हणाले. "धड आहे का, हे कधी विचारलंत?"

नानांनी बूटपॉलिशच्या डबीपेक्षाही कमी असलेले ते पैसे काउंटरवर ठेवले, थर्मास काखोटीला मारला आणि रस्ता न बघता घरी आले. टेबलावर थर्मास ठेवून त्यांनी माईला सगळं सांगितलं. भीड, टोक, सगळं. वाळूसुद्धा. निवृत्तीनंतर पहिल्या दिवशी आणायचा होता, दोन महिने उशीर झाला. गरम ठेवील असं वाटलं होतं, ठेवणार नाही.

माईने थर्मास धुतला. फडक्याने वेलीची नक्षी पुसली. "करा चहा," ती म्हणाली.

नानांनी चहा केला, थर्मासात ओतला, बूच लावलं. दोघं समोर बसून वाट पाहू लागली. बऱ्याच वेळाने माईने कपात ओतून एक घोट घेतला. नाना तिच्या तोंडाकडे बघत होते, जसे भांडीवाले एकेकाळी त्यांच्या तोंडाकडे बघायचे.

"छान झालाय."

"कोमट असेल."

"आहे ना. मला कोमटच आवडतो."

"कधीपासून?"

"तुमच्या हातचा चहा प्यायला लागल्यापासून. टॉवेलखालचा. बाहेर कुणी वाफाळता दिला तर मी ठेवून देते, निवेपर्यंत." तिने कप पुन्हा भरला. "जीभ पोळते माझी."

नानांच्या डोळ्यांपुढून सगळी वर्षं, सगळे भाव, सगळे शर्ट ओळीने गेले. "मग मला कधी बोलली का नाहीस?"

"तुम्ही दर महिन्याला येऊन थर्मासचा भाव सांगायचात," माई म्हणाली. "मला ते ऐकायला बरं वाटायचं. चहा कसा आवडतो, हे कुठे विचारलंत?"

नानांनी यावर विचार केला. मग स्वतःसाठीही अर्धा कप ओतला, एक घोट घेतला, तोंड वाकडं न करण्याचा प्रयत्न केला आणि म्हणाले, "शर्टाच्या हिशेबाने बघितलं तर फारच स्वस्त पडला."

थर्मास अजून आहे. लेकीने पाठवलेला स्टीलचा अजून खोक्यात आहे. आता चहा माईचा माईच करते. लाल थर्मासात ओतते, बूच लावते आणि समोर बसून तो पुरेसा निवण्याची वाट पाहते.